हार्ड डिस्कची पाठराखीण

नव्या कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्क बसवायची असली की आधी तिच्याकडचं माणूस आत उतरून घर बघून येतं, आणि त्याला घर पसंत पडलं तरच डिस्क तिथं नांदायला जाते. ढवळगावात ही रीत पहिल्यापासून आहे. आत उतरायला विशेष काही लागत नाही. चपला काढायच्या, कॅबिनेटचं बाजूचं दार उघडायचं आणि उजवा पाय आत टाकायचा. चपला घालून कुणी मावत नाही. काढल्या की मावतो.

दिगंबर शेटे गावात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याच्याकडे सहा हार्ड डिस्क होत्या आणि त्या सहाजणींच्या पोटात ढवळगावची सगळी लग्नं होती. त्यांचं जुनं कॅबिनेट गंजलं होतं, आतला पंखा होळीच्या सुमारास बसला तो उठलाच नाही. उकाड्यानं सगळ्याच जणी चिडचिड करायला लागल्या. त्यातली थोरली तर मधूनच अबोला धरायची. हार्ड डिस्कनं एकदा कायमचा अबोला धरला की तिच्या पोटातलं काही बाहेर येत नाही. मग पाया पडा नाहीतर नवस बोला.

म्हणून दिगंबरनं एक दिवस सगळ्यांना सांगितलं, "तुमच्यासाठी नवीन घर बघतोय."

"बघायला कोण जाणार?" थोरलीनं विचारलं.

"मी जातो की."

"तुम्ही नको. तुम्हाला कसलंही घर चालतं. आम्हाला इतकी वर्षं कुठं ठेवलंत त्यावरनं कळतंच आहे. गेनबाआण्णांना पाठवा."

गेनबा ताकवले म्हणजे पानमळावाले आण्णा. शाळेचं तोंड न बघितलेला, सावकाश माणूस. गावातल्या निम्म्या सोयरिकी त्यानं जमवलेल्या. मुलीच्या बाजूनं घर बघायला जायचं तर लोक त्यालाच न्यायचे. डिस्कांनी त्याला प्रत्यक्षात कधी बघितलं नव्हतं, पण प्रत्येक लग्नात तो होताच. शेवटच्या पंगतीत कडेला बसून जेवायचा. वाढपी कमरेवर हात ठेवून उभे राहायचे, पत्रावळी उचलणारे घुटमळायचे, आणि गेनबा एकेक घास चावत असायचा.

"जो माणूस एवढा सावकाश जेवतो," थोरली म्हणाली, "तो घर घाईनं पसंत करायचा नाही."

बाकीच्या पाचजणींना हे पटलं. दिगंबर पानमळ्यात गेला.

गेनबानं सगळं ऐकून घेतलं. मग खुडलेली पानं ओल्या फडक्यात नीट गुंडाळून ठेवली आणि विचारलं, "थोरली म्हणजे जिच्यात आमच्या वच्छीचं लग्न आहे, ती का?"

"तीच, आण्णा."

"मग यायलाच पाहिजे."

यायलाच पाहिजे म्हणायला कारण होतं. वच्छी ही गेनबाची एकुलती एक लेक. तिचे सासरे रंगराव मोहिते म्हणजे सोन्यासारखा माणूस, पण दर अक्षय्य तृतीयेला त्यांच्या डोक्यातून एक गोष्ट साफ निघून जायची. लग्नात व्याह्यांनी आपल्याला टॉवेल दिला पण टोपी दिली नाही, असं त्यांना त्या दिवशी वाटायचं. मग ते सुनेला ट्रंक भरायला सांगायचे. वच्छी ट्रंक भरायची, सासरे-सून एसटीनं ढवळगावला यायचे, दिगंबरकडे बाकावर बसून लग्न बघायचे. पडद्यावर गेनबा रंगरावांच्या खांद्यावर टॉवेल टाकायचा, डोक्यावर टोपी ठेवायचा. रंगराव म्हणायचे, "दिली होती म्हणायची." मग ट्रंकेसकट सगळे परत जायचे आणि वर्षभर संसार सुखाचा व्हायचा. वच्छी आता ट्रंकेत कपडे भरतच नसे, नुसती उशी घालायची.

थोरलीनं अबोला धरला तर मात्र ट्रंकेत कपडे भरावे लागणार होते. आणि अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती.

घर बघायला गेनबा कधी एकटा जात नसे. बायको हौसाबाई बरोबर असायची. रीत अशी की मुलीकडचा माणूस घर बघायला गेला की तिथं काही तोंडात घालायचं नाही. चिमूटभर साखर जरी खाल्ली तरी घर पसंत आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि मग माघार नाही. गेनबाला तर जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. म्हणून त्याच्या पुढ्यात कुणी बशी धरली की हौसाबाई पाठीमागून चिमटा काढायच्या. गेनबाच्या डाव्या दंडावर त्याची कायमची खूण होती. तो तिला सोयरिकीची खूण म्हणायचा.

एसटी स्टँडजवळ वैशाली कदमचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. कॅबिनेटांच्या बाजूनं बोलणारी तीच. टेबलावर तिनं दोन घरं मांडून ठेवली होती. एक काचेच्या भिंतीचं, आत लाल-निळी-हिरवी रोषणाई. दुसरं साधं काळ्या पत्र्याचं, बघितलं तर धान्याची कोठी वाटावी असं. दिगंबर थोरलीला मऊ फडक्यात गुंडाळून बरोबर घेऊन आला होता. बाकीच्या पाचजणी घरी राहिल्या. सगळ्यांनी जाणं बरं दिसत नाही.

"आधी कुठलं बघताय बाबा?" वैशालीनं विचारलं.

"काचेचं बघू. ते आधी मांडलंय. त्यांना वाईट नको वाटायला."

"बरोबर आहे. चपला इथं काढा. पाय पुसून घ्या. आत काही हलवायचं नाही, बघायचं आणि बाहेर येऊन बोलायचं."

हौसाबाईंनी आत पाय टाकून बघितला, पण उंबरा उंच होता आणि त्यांचा गुडघा वाकेना.

"जावा तुम्ही एकटेच," त्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "आणि ध्यानात ठेवा."

"ठेवतो की."

"काय ठेवणार?"

"काही खायचं नाही."

"हां."

गेनबा आत उतरला.

आत उतरल्यावर समोरच ओसरीसारखा ऐसपैस सोपा होता. एवढा मोठा सोपा गेनबानं सरपंचाच्या घरीसुद्धा बघितला नव्हता. मधल्या भिंतीवर मदरबोर्ड बसली होती, घरातली मोठी बाई. ज्याचं त्याचं काम तिच्याकडे, ज्याची त्याची वायर तिच्याकडे. तिनं गेनबाला नमस्कार केला आणि कामाला लागली. सोप्याच्या मधोमध एक ग्राफिक कार्ड आडवं पसरलं होतं. लांबलचक, गरम आणि झोपलेलं.

"हे कोण?" गेनबानं विचारलं.

"पाहुणे आहेत," मदरबोर्ड म्हणाली. "खेळ असला की उठतात. इथं काही खेळ नाही, त्यामुळं उठले नाहीत."

"घरात आमच्या पोरींना खोल्या कुठं?"

"खाली."

गेनबा खाली गेला. तळघरात दोनच खोल्या, त्याही एकीवर एक. हात पसरला तर दोन्ही भिंतींना लागायचा. पुढचे मोठे पंखे सोप्यावर वारा घालत होते, तळघरात त्याची झुळूक नव्हती. गेनबानं ओलं बोट धरून बघितलं, बोट वाळलं ते उकाड्यानं. भिंतीला रबर नव्हतं. एक डिस्क थरथरली की दुसरीचं डोकं उठणार. डिस्क जावा-जावांसारख्या असतात, मध्ये मऊ काहीतरी लागतं. वायरी मागच्या अंगाला इतक्या दाटीनं कोंबल्या होत्या, की त्यातून वाट काढताना गेनबाचं उपरणं दोनदा अडकलं. वर पुन्हा काचेची भिंत. बाहेर स्टुलावर बसलेल्या हौसाबाई आतून स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे त्यांनाही आतलं सगळं दिसत असणार. सहा लेकीबाळींनी राहायचं कसं?

गेनबानं मनाशी ठरवलं, हे घर नाही. चांगल्या शब्दांत नाही म्हणायचं, आणि पत्र्याचं बघायचं.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी हाक मारली. तळघराच्या अंधारात घरचा एसएमपीएस बसला होता. घरातल्या सगळ्यांना वीज पुरवायची आणि गुरगुरत बसायचं, एवढंच त्याचं आयुष्य. त्याचं वय झालं होतं. बाकी घर नवीन असलं तरी हा दुसऱ्या मशीनमधून काढून आणलेला होता.

"पाहुणं, बसा की घडीभर. माझ्याकडं कुणी येत नाही. सगळे वरच्या वर दिवे बघून जातात."

गेनबा बसला. दोघं उकाड्याबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. एसएमपीएसला गुडघे नव्हते, पण त्यानं मन लावून ऐकलं. मग त्यानं मागून एक वाटी काढली.

"साखर घ्या चिमूटभर. माझ्या हातचं आजवर कुणी काही खाल्लेलं नाही."

गेनबानं मागं वळून बघितलं. मागं चिमटा काढायला कुणी नव्हतं.

तो बाहेर आला तेव्हा वैशाली, दिगंबर आणि हौसाबाई उत्सुकतेनं बघत होते. थोरली फडक्यातून बघत होती.

"घर तसं मोठं आहे," गेनबानं सुरुवात केली. "माणसंही वाईट नाहीत. पण आमच्या पोरींना खोल्या दोनच..."

"आण्णा," थोरली हळूच म्हणाली, "तुमच्या मिशीला काय लागलंय?"

हौसाबाई उठल्या, पदराच्या टोकानं मिशी पुसली आणि टोक जिभेला लावून बघितलं.

"साखर," त्या म्हणाल्या, आणि परत स्टुलावर बसल्या.

दिगंबरनं कपाळाला हात लावला.

"साखर खाल्ली म्हणजे पसंत झालं," वैशाली म्हणाली. ती उगाच खूश झाली नाही की तिनं वाईटही वाटून घेतलं नाही. नियम सांगावा तसं सांगितलं तिनं. "मी आता दुसरं घर दाखवू शकत नाही. त्या पत्र्याच्या घरालाही कळलंय."

पत्र्याच्या घराचं दार खरंच आपोआप लागलं होतं. गेनबा जवळ गेला आणि जाळीतून नुसतं डोकावून बघितलं. पंख्यासमोर एकावर एक खोल्या रचलेल्या, प्रत्येक खोलीला सरकतं दार, दाराला रबराच्या गाद्या, थंडगार वारा. त्यानं एक सुस्कारा सोडला. ते घर पुढं पतसंस्थेच्या डिस्कांना गेलं. त्यांचं चांगलं झालं.

"अहो, चिमूटभरच होती ना?" दिगंबर म्हणाला.

"चिमूटभर आणि पोतंभर, रीतीला सारखंच," थोरली म्हणाली. "माझ्यात त्या शिंद्यांचं लग्न आहे. मुलाचा मामा नुसता पेढ्याचा वास घेऊन अडकला होता."

"मग करायचं काय गं बाई?" गेनबानं विचारलं. "माझ्या तोंडानं सहा पोरींचं नुकसान झालं. आणि आता वच्छीचं..."

थोरली बराच वेळ गप्प राहिली. दिगंबरनं फडकं उघडून बघितलं, अबोला धरला की काय. पण ती विचार करत होती.

"नांदायला तर जावं लागेल," ती म्हणाली. "पण नवी नवरी एकटी जात नाही. बरोबर पाठराखीण जाते. नवरीचं मन रमेपर्यंत पाठराखीण सासरी राहते, आणि नवरीची आबाळ होत असली तर सासरच्यांना दोन शब्द सांगायचा तिला हक्क असतो. बरोबर ना, वैशालीताई?"

"बरोबर."

"आमची पाठराखीण म्हणून आण्णा येतील."

"पाठराखीण बाई असते," दिगंबर म्हणाला.

"बाईच असावी असं कुठं म्हटलंय?"

वैशालीनं खूप विचार केला. "म्हटलेलं नाही," ती म्हणाली.

सगळे गेनबाकडे बघायला लागले. गेनबाला नाही म्हणता येत नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी दिगंबरकडे वाजतगाजत गृहप्रवेश झाला. सहाजणी आत गेल्या, मागून गेनबा गेला. बरोबर एक वळकटी, वाळ्याचा पंखा आणि तंबाखूची चंची. चपला कॅबिनेटसमोर टेबलावर राहिल्या. त्यांना कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

पाठराखिणीचा हक्क गेनबानं सावकाश बजावला. आधी मदरबोर्डबाईंशी बोलला. मग ग्राफिक कार्डाच्या शेजारी दोन दिवस नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी ते जागं झालं आणि म्हणालं, "कोण तुम्ही?" गेनबा म्हणाला, "मी पाठराखीण. तुम्हाला इथं किती दिवस राहायचं आहे?" एवढ्या साध्या गोष्टीचा कार्डानं कधी विचार केला नव्हता. ते ओशाळलं आणि संध्याकाळच्या आत निघून गेलं. सोपा मोकळा झाला. तळघरात दोन धाकट्या राहिल्या, चौघींची सोय सोप्यात पंख्यासमोर झाली. खाली गेनबानं वळकटीतला कापूस घातला. रोषणाई मात्र बंद होईना, तिचा रिमोट कंपनीकडून यायचा होता. काचेला गेनबानं आपलं उपरणं बांधलं, पण ते निम्म्याच भिंतीला पुरलं. उरलेल्या निम्म्या भिंतीतून तो सोप्यात बसून वारा घालताना दिसायचा.

हौसाबाई रोज दुपारी येऊन स्टुलावर बसायच्या आणि मागच्या फटीतून भाकरी आत सरकवायच्या.

"मन रमलं का गं पोरींनो?" त्या विचारायच्या.

"अजून नाही," सहाजणी म्हणायच्या.

अक्षय्य तृतीयेला ऊन असं पडलं की दिगंबरच्या दुकानाच्या पत्र्याखाली पाणी ठेवलं तर चहा टाकावासा वाटेल. अकराच्या एसटीनं रंगराव आले. मागं वच्छी, हातात ट्रंक. या वेळी ट्रंक जड दिसत होती.

"उशी नाही का घातलीस?" हौसाबाईंनी लेकीला हळूच विचारलं.

"कपडे भरलेत आई. एसटीत समोरच्या बाईनं सांगितलं, शेट्यांची डिस्क बोलत नाही आता."

रंगराव बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "नमस्कार शेटजी. तुम्हाला माहीतच आहे कशासाठी आलो. आमच्या व्याह्यांनी टॉवेल दिला, टोपी दिली नाही. आजवर बोललो नाही. आज मात्र बोलणार."

दिगंबरनं लग्न लावलं. पडद्यावर मांडव आला, वाजंत्री आली, अक्षता पडल्या. सोप्यात थोरली तापायला लागली होती. काचेतून दिसत होतं, गेनबा तिच्याजवळ सरकला होता आणि दोन्ही हातांनी वाळ्याचा पंखा हलवत होता. पडद्यावरचा गेनबा तेव्हा काळ्या मिशांचा होता. तो रंगरावांपुढं आला, त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, ताटातली टोपी उचलली, आणि चित्र थांबलं.

टोपी हातात. रंगरावांचं डोकं उघडं.

"बघा," रंगराव म्हणाले. "मी काय खोटं बोललो?"

वच्छीनं ट्रंक खाली ठेवली. हौसाबाई उभ्या राहिल्या, त्यांचा गुडघा कटकन वाजला. दिगंबर मशीनकडे धावला, पण मशीनवर थाप मारायला उचललेला हात तसाच राहिला. आतून गेनबा बोलत होता.

"घाई नाही, बाई. दम खा. माझंच बघ, मी पंगतीत बसलो की लोक उठून जायचे, पण भात काही कुठं पळून जात नव्हता. तुला जमेल तेव्हा सांग. व्याही बसलेत. त्यांना एसटी पाचची आहे."

"साडेपाचची," रंगराव म्हणाले.

"साडेपाचची," गेनबानं सांगितलं, आणि वारा घालत राहिला.

सगळे वाट बघत बसले. दिगंबरनं सरबत केलं. रंगराव ते प्यायले. मधेच त्यांनी पडद्यावरच्या आपल्या उघड्या डोक्याकडे बघून म्हटलं, "केस होते तेव्हा." वच्छी हसली आणि मग आपण हसायला नको होतं असं तिला वाटलं. खाली एसएमपीएसनं गुरगुर कमी केली, स्वतःच्या पंख्याचा वारा वर सोडला. गेनबानं खाल्लेली साखर तो विसरला नव्हता.

मग थोरलीनं खाकरल्यासारखा आवाज केला आणि पडद्यावरचा हात हलला. टोपी वर गेली, थोडी तिरकी झाली, आणि रंगरावांच्या डोक्यावर बसली.

रंगरावांनी डोक्याला हात लावला. मग गुडघ्यावरची टोपी उचलून घातली.

"दिली होती म्हणायची," ते म्हणाले.

"होय मामंजी," वच्छी म्हणाली.

"उचल ट्रंक. तू नको, जड आहे. मी घेतो." उठता उठता त्यांचं लक्ष काचेकडे गेलं. ते वाकले. "शेटजी, आमचे व्याही आत काय करतात?"

"पाठराखीण म्हणून गेलेत."

"अस्सं." रंगरावांनी मान हलवली. "पाठराखिणीला लुगडं नेसवलं का?"

कुणालाच हे सुचलं नव्हतं. पाठराखिणीला मानाचं लुगडं द्यायचं असतं, नाही दिलं तर लोक पुढं नावं ठेवतात. ते काम खरं तर कॅबिनेटाकडच्यांचं. पण रंगरावांनी ऐकलं नाही. "एवढी वर्षं मी माझ्या मानाचं बोलतोय, आणि हा माणूस बिनमानाचा आत बसलाय," असं म्हणून ते त्या उन्हात पेठेत गेले आणि नऊवारी हिरवं लुगडं घेऊन आले. दिगंबरनं कॅमेरा काढला. पुढं कधी कुणाच्या डोक्यातून गेलं तर असावं म्हणून रंगराव लुगडं आत सरकवतात ते त्यानं नीट टिपलं, आणि थोरलीच्या पोटात टोपीच्या शेजारी ठेवलं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," हौसाबाई फटीतून म्हणाल्या, "मला असलं लुगडं नाही मिळालं."

"मग ये की आत," गेनबा म्हणाला.

"उंबरा उंच आहे."

"मी आतून हात देतो. सावकाश ये."

"बघू," हौसाबाई म्हणाल्या.

गेनबानं लुगडं उलगडून काचेच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधलं. ते पुरून उरलं. मग बाहेरून काही दिसेना. आतल्या रोषणाईनं पडदा कधी लाल दिसायचा, कधी निळा, आणि मागून वारा घातल्याचा आवाज यायचा.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी दिगंबर आपल्या दुकानात आला. स्टूल रिकामं होतं. टेबलावर चपलांचे दोन जोड होते. त्यानं कॅबिनेटची जाळी पुसली, मग दोन्ही जोडांवरची धूळ झटकली आणि मशीन चालू केलं.

"मन रमलं का गं?" त्यानं विचारलं.

"अजून नाही," सहाजणी म्हणाल्या.

तळघरातून एसएमपीएसचा आवाज आला, "पाहुणं, साखर घेता का चिमूटभर?"

आणि लगेच गेनबा ओरडला, "आई गं!"